थायरॉइडचा कर्करोग आणि एक प्रेमकथा

तुमच्या घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असेल, तर जॉन ग्रीन यांची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कादंबरी तिच्या उशाशी कधीतरी दिसली असेल. २०१२ साली ती आली, २०१४ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि २०२० मध्ये 'दिल बेचारा' हे हिंदी रूपही आपण पाहिलं. सोळा वर्षांची हेजल आणि सतरा वर्षांचा ऑगस्टस. तिला थायरॉइडचा कर्करोग, तो फुफ्फुसात पसरलेला. त्याचा पाय हाडाच्या कर्करोगात गेलेला. दोघांचं प्रेम जमतं.

मला हे पुस्तक आवडलं, आणि वाचताना मी अनेकदा वैतागलोही. दोन्हीची कारणं वैद्यकीयच आहेत.

आधी वैताग. हेजलच्या आजाराला पुस्तकात चौथी अवस्था म्हटलं आहे. थायरॉइडचे जे दोन प्रकार सर्वांत जास्त आढळतात, पॅपिलरी आणि फॉलिक्युलर, त्यांच्या अवस्था ठरवताना आम्ही रुग्णाचं वयही मोजतो. आज ५५ वर्षांखालच्या रुग्णात हा कर्करोग फुफ्फुसात पोचला असला तरी ती दुसरीच अवस्था धरतात. कारण थायरॉइडच्या पेशी आयोडीन शोषून घेतात. शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन दिलं, की फुफ्फुसात जाऊन बसलेल्या पेशीही ते ओढून घेतात आणि त्यानेच मरतात. फुफ्फुसात डाग असलेली मुलंसुद्धा बहुतेक वेळा मोठी होतात, लग्न करतात, नोकरीला लागतात. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी आणि ठरलेल्या तपासण्या, एवढं मात्र आयुष्यभर पाळावं लागतं. काही जणांत आयोडीन काम करत नाही हे खरं; हेजल त्यांतली असू शकते. हेजलला तगवणारं औषध तर लेखकाने मनानेच रचलं आहे, आणि तसं त्याने पुस्तकातच सांगितलं आहे. तिथे माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वाचणारीच्या मनात काय उरतं याची. माझ्याकडे एक कॉलेजकन्यका गळ्यातल्या गाठीची सोनोग्राफी घेऊन आली होती. सुईची तपासणी व्हायची होती आणि ती आईला न सांगता रडून मोकळी झाली होती. का, तर हेजल. तिला मी पाऊण तास बसवून वरचं सगळं सांगितलं. गाठ साधी निघाली, बहुतेकांची निघते. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून गाठ दिसली तर तपासायची जरूर, पण मृत्युपत्र लिहायला बसायचं नाही.

दुसरी कुरकुर सुंदर मरणाबद्दल. आपल्याला ही सवय जुनी आहे. 'आनंद'मधला राजेश खन्ना १९७१ पासून हसत-हसत मरतो आहे आणि आपण रडतो आहोत. ऑगस्टस न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून तिला प्रतीक म्हणतो. अरे बाबा, पाकीट तर विकत घेतलंसच ना!

पण हाच लेखक शेवटी त्याचं मरण सुंदर ठेवत नाही, आणि तिथे मी नरम झालो. पोटात घातलेल्या नळीला जंतुसंसर्ग होतो, उलटी होते, मध्यरात्री पेट्रोल पंपावर तो गाडीत अडकून पडतो. लेखक होण्याआधी, तरुणपणी ग्रीन काही महिने मुलांच्या रुग्णालयात विद्यार्थी-धर्मगुरू म्हणून राहिले होते, ते दिसतं. ऑक्सिजनची नळी नाकात घालून जिने चढताना होणारी दमछाकही अगदी खरी उतरली आहे.

मला सगळ्यांत मोलाची वाटली ती निराळीच गोष्ट. हेजलला तिच्या आजाराचं सगळं ठाऊक आहे. ती डॉक्टरांच्या बैठकीत बसते, प्रश्न विचारते. आपल्याकडे दार लोटून घेऊन वडील म्हणतात, "डॉक्टर, तिला काही सांगू नका हं." पोरगी बाहेर बाकावर बसून फाइलमधली नावं मोबाइलवर शोधत असते. तिला कळतंच, फक्त विचारायला कुणी नसतं, कारण घरात सगळे हसरे चेहरे करून वावरतात. आई-बाबांना सांभाळायची जबाबदारी मग त्या मुलीवर येते. हेजलही तेच करते. आपण गेल्यावर आईचं काय होईल, या एकाच काळजीने ती माणसांपासून लांब राहू पाहते. तिची आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यासक्रम करते आहे, हे कळल्यावर ती रागावत नाही, आनंदते: आपल्यानंतरही आईला काही आयुष्य असेल! ती पानं मी दोनदा वाचली. आमच्या वैद्यकीय शिक्षणात हा धडा नव्हता.

तेव्हा पुस्तक मुलीच्या हातून काढून घेऊ नका. आधी तुम्ही वाचा, दोन संध्याकाळी पुरतात. मग तिला विचारा, "तुला काही झालं, तर आम्ही तुला सगळं सांगावं असं वाटतं का?" माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मी आता आई-वडिलांसमोरच मुलांना विचारतो. आजवर एकानेही 'नको' म्हटलेलं नाही. आई-वडील मात्र बऱ्याचदा खिडकीबाहेर बघत बसतात.