नित्य नवी होणारी संगणक-प्रणाली कोणी निवडावी?

संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत ठेवण्याच्या दोन रीती आहेत. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते. मधल्या काळात तीत मुख्यतः दोषनिवारणच होते. उलटपक्षी, जड विनेट यांनी २००२ साली सुरू केलेल्या आर्च लिनक्समध्ये अशा ठराविक आवृत्त्या नाहीत. प्रत्येक घटकाचे नवे रूप सिद्ध होऊन तपासले गेले की ते लवकरच वापरणाऱ्याच्या हाती येते.

आर्चची मूळ मांडणी मोजकीच असते. तीत भर घालावयाची ती ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे. त्यामुळे आपल्या यंत्रात काय आहे व ते कशासाठी आहे, हे त्याला ठाऊक असते. जाणत्याला हे स्वातंत्र्य मोलाचे वाटावे, यात नवल नाही.

परंतु नवे ते निर्दोषच असते असे नव्हे. एक्सझेड या संक्षेपण-साधनात कोणी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. ती दूषित आवृत्ती आर्चच्या भांडारात पोहोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र नव्हती. आर्चची जोडणी निराळी असल्याने त्या चोरवाटेचा ज्ञात मार्ग तेथे लागू पडला नाही, एवढेच.

तेव्हा अनुभव केवळ वर्षांनी मोजू नये. सूचना वाचून सर्व घटक एकत्रच अद्ययावत करणे, कामाच्या प्रती अलग राखणे आणि यंत्र अडल्यास स्वतः दुरुस्त करणे, एवढी ज्याची तयारी आहे, त्याने ही प्रणाली अवश्य निवडावी. ज्याला तेवढी सवड नाही, त्याने कितीही जाणता असला तरी स्थिर प्रणालीच पत्करणे शहाणपणाचे होय.