आधी थांबायला शिका, मग पळायला



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे सविस्तर लिहितोय. गाडीचा विषय आहे, पण गाडी नसेल तरी वाचा. धंदा करायचा असेल तर हा हिशोब तुमचाही आहे.

नांदगाव तिठा तुम्हाला माहीत असेल. मुंबई-गोवा महामार्ग आणि देवगड-निपाणी रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. तिकडचाच एक तरुण मला भेटला. त्याच्याकडे २००२ सालची फियाट पालिओ आहे, १.६ पेट्रोल, कोल्हापूरहून स्वस्तात आणलेली. म्हणाला, "सर, पळता बरी, पण रोज न्हेवक भ्या वाटता." आणि पुढच्याच दमात सगळा प्लॅन सांगितला. गाडीला टर्बो बसवायचा, मोठा सायलेन्सर लावायचा, रुंद टायर टाकायचे. मग तीच गाडी दाखवून तिठ्यावर मॉडिफिकेशनचं गॅरेज काढायचं. आणि भांडवल? वडिलांची हापूसची कलमं गहाण ठेवून!

माझं मत स्पष्ट आहे. गाडी ठेव, गॅरेजही काढ. पण पॉवर विकू नकोस, भरवसा विक.

आता पालिओबद्दल थोडं. २००१ मध्ये ही गाडी भारतात आली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, जाहिरातीत सचिन तेंडुलकर असायचा. १.६ चं इंजिन १६ वॉल्व्हचं, ताकद साधारण १०० हॉर्सपॉवर. त्या काळात छोट्या गाडीला एवढी ताकद म्हणजे चैनच. म्हणजे या गाडीला ताकद कमी पडतच नाही. कमी पडतो तो वीस वर्षांहून जुन्या रबराचा, पाइपांचा आणि वायरिंगचा भरवसा. तिथे टर्बो लावणं म्हणजे गळक्या कौलांवर रंग काढणं.

मी त्याला वहीत तीन रकाने आखायला लावले.

पहिला रकाना: गाडी थांबेल का? ब्रेक पॅड, ब्रेकचे पाइप, ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. फोंडा घाट उतरताना ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि गाडी जॅकवर घेऊन खालून गंज बघा. आपली खारी हवा आणि आपला पाऊस पत्र्याला सोडत नाही.

दुसरा रकाना: गाडी रोज पोचवेल का? टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, रेडिएटरचे होज, सस्पेन्शनचे बुश, अर्थिंगच्या वायरी. बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजा. तुटला तर पुष्कळ इंजिनांत वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग खर्च बेल्टचा राहत नाही, इंजिनचा होतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. ते इथेनॉलला टिकणारे घाला.

तिसरा रकाना: हौस. हेडलाइटला रिले, चांगला म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापाचे चांगले टायर. बस्स. पहिले दोन रकाने पूर्ण झाल्याशिवाय तिसऱ्यात एक रुपया टाकायचा नाही.

"पण सर, रील तर सायलेन्सरच्या आवाजावर चालतात!" मान्य. पण कायदा रील बघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला, तर गिऱ्हाईक पहिलं तुमच्या दारात येणार. शिवाय १५ वर्षांनंतर गाडी तपासणीला नेऊन नोंदणी नव्याने करावी लागते. कारसाठी त्याची फी २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. बदल केलेली गाडी ओरोसला तपासणीला नेऊन काय सांगणार?

आता गल्ल्याचं बोलू. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा एका मॉडिफिकेशनमागे २०,००० सुटले. ते गिऱ्हाईक पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. दुसरीकडे, ४० जुन्या गाड्या वर्षातून दोनदा तुमच्याकडे आल्या आणि दर वेळी १,५०० मजुरी मिळाली, तर वर्षाचे १,२०,००० होतात. तेवढ्यासाठी मॉडिफिकेशनची सहा गिऱ्हाइकं लागतील, आणि तीही दर वर्षी नवी. नांदगाव-कणकवलीत ती कुठून आणणार?

४० गाड्या मात्र आहेत. गणपतीला चाकरमानी येतात, त्यात जुन्या गाड्या किती असतात ते तिठ्यावर उभं राहून मोजा. मुंबईला परतायच्या आधी, घाट चढायच्या आधी, "ब्रेक, बेल्ट, टायर बघून देतो, काय केलं ते लिहून देतो" असं सांगणारा माणूस लोकांना हवाच असतो. त्याला कलमं गहाण ठेवावी लागत नाहीत. एक चांगला जॅक, स्टँड, हत्यारं, वही आणि एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली काढलेलं एक वर्ष, एवढ्यावर सुरुवात होते.

आणि त्याची पालिओ? तीच त्याची पाटी. न कुरकुरता रोज तिठ्यावर येणारी वीस वर्षांवरची गाडी लोक बघतात आणि विचारतात, "कोणाकडे काम करून घेतलंस?"

आज तुमच्या धंद्यासाठी हेच तीन रकाने आखा: काय बंद पडलं तर धंदाच बुडेल, काय रोज चालायलाच हवं, आणि काय नुसती हौस आहे. पैसे त्याच क्रमाने लावा. कर्ज तिसऱ्या रकान्यासाठी तर कधीच काढू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!