स्वातंत्र्य ही देणगी नव्हे

सुशिक्षितांच्या बैठकींत एक मत नेहमीं मोठ्या रुबाबानें मांडलें जातें. इंग्रजांनीं हिंदुस्थान सोडला तो आपल्या मर्जीनें. महायुद्धानें त्यांची तिजोरी रिकामी झाली होती, मजूर पक्षाचें सरकार उदार होतें, आणि १९४७ च्या जुलैंत पार्लमेंटनें कायदा करून आपल्या पदरांत स्वातंत्र्य टाकलें, असा त्या मताचा सारांश. बोलणाऱ्यास हें मत निःपक्षपाती वाटतें. आम्हांस तें चुकीचें वाटतें, आणि चुकीचें असण्यापेक्षांही अधिक घातक वाटतें.

त्यांतला खरा भाग प्रथम मान्य करूं. इंग्लंड कर्जबाजारी झालें होतें, यांत शंका नाहीं. पण कर्जबाजारी जमीनदार आपलें पिकाऊ शेत कुळास दान करतो, असें वाचकांपैकीं कोणीं पाहिलें आहे काय? उलट तो तें अधिकच घट्ट धरून ठेवतो. हॉलंड १९४५ सालीं जर्मनांच्या टाचेखालून नुकतें सुटलेलें. तरी इंडोनेशिया परत मिळविण्यासाठीं तें १९४९ पर्यंत लढलें. फ्रान्सची स्थिति निराळी नव्हती. तरी तें व्हिएतनामांत १९५४ पर्यंत आणि अल्जीरियांत १९६२ पर्यंत रक्त सांडीत राहिलें. पोर्तुगाल तर पश्चिम युरोपांतील अगदीं गरीब देशांपैकीं एक. त्यानें १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्य येईपर्यंत गोवा सोडला नाहीं, आणि आफ्रिकेंतील वसाहतींसाठीं तें १९७४ पर्यंत झगडत राहिलें. दारिद्र्यानें साम्राज्यें सुटत असतीं, तर पोर्तुगालचें सर्वांआधीं सुटावयास हवें होतें. तें सर्वांमागून सुटलें.

मग साम्राज्य सुटतें केव्हां? मूठभर परके कोट्यवधींवर राज्य करतात तें त्या कोट्यवधींच्याच हातांनीं. शिपाई, कारकून, पाटील, खलाशी हे ते हात. ते आखडले कीं राज्य थांबतें. १९४२ च्या ऑगस्टांत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पुढें सातारा जिल्ह्यांत नाना पाटलांच्या प्रतिसरकारानें सरकारी कचेरीस बाजूस सारून गांवोगांवचे तंटे स्वतः तोडण्यास आरंभ केला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशांनीं काम बंद केलें. शहरांतील कामगारांनीं त्यांची बाजू घेतली, आणि त्या आठवड्यांत मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेंहून अधिक माणसें मारलीं गेलीं. दुसऱ्याच दिवशीं, १९ तारखेस, लंडनमध्यें मंत्रिमंडळाचें शिष्टमंडळ हिंदुस्थानांत पाठविण्याची घोषणा झाली. ती या बंडामुळें झाली असें आम्ही म्हणत नाहीं. तो विचार आधींच ठरला होता. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या हातांवर राज्य उभें होतें ते आतां आपले राहिले नाहींत, हें इंग्रजांस कळून चुकलें होतें. त्यांनीं किल्ली हातीं दिली हें खरें. पण कुलूप त्यापूर्वींच निखळलें होतें. पोर्तुगालचाही शेवट असाच झाला. १९७४ च्या एप्रिलांत त्याच्या स्वतःच्याच सैन्यानें जुनी राजवट उलथून टाकली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं गोवा भारताचा असल्याचें नव्या सरकारानें मान्य केलें.

येथें दुसरा पक्ष पुढें सरसावेल व म्हणेल, “मग तलवार हाच एक मार्ग!” त्यांनीं साष्टीचा इतिहास वाचावा. ज्या वाकोल्यांत राहून आम्ही हें लिहीत आहों, तें आज मुंबईचें उपनगर असलें तरी मुळांत साष्टी बेटांतलें. १५३४ च्या वसईच्या तहानें या मुलखावर पोर्तुगीजांचा अंमल सुरू झाला. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें, १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. त्या पराक्रमास उणें म्हणण्याची आमची छाती नाहीं. पण अवघ्या पस्तीस वर्षांनीं, १७७४ सालीं, पुण्यांतील गृहकलहाची संधि साधून इंग्रजांनीं साष्टी गिळली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडेच राहिली. त्याच इंग्रजांस पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील तेरा वसाहतींचें स्वातंत्र्य मान्य करावें लागलें! यॉर्कटाउन येथें ज्याचें सैन्य शरण गेलें, तो कॉर्नवॉलिस १७८६ सालीं गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास आला. तिकडे हरलेला इकडे राज्यकर्ता कां झाला? अमेरिकेस फ्रान्सची मदत होती, हें विसरून चालणार नाहीं. पण कर बसविण्याचा हक्क आपल्या सभांचा आहे, असें मानणारे लोकही तेथें होते. साष्टीच्या कुळास कोणींच कांहीं विचारलें नव्हतें. त्याच्यापुरते पोर्तुगीज गेले, मराठे आले. मराठे गेले, इंग्रज आले. सारा भरणें तेवढें कायम राहिलें. अमेरिकेंतील गुलामासही १८६५ पर्यंत आपल्या देशाच्या स्वातंत्र्याविषयीं याहून निराळें कांहीं सांगतां आलें नसतें. धनी बदलणें म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

म्हणूनच आम्ही देणगीच्या मताला घातक म्हणतों. जें दान म्हणून मिळालें, त्याचा हिशेब कोणी मागत नाहीं. दात्याचे आभार मानून मोकळा होतो. असा मनुष्य नागरिक होत नाहीं, याचक राहतो. नगरपालिकेच्या खिडकीपुढें तो आपल्याच हक्काचें पाणी हात जोडून मागतो, आणि मत देऊन आल्यावर उपकार केल्यासारखा पांच वर्षें निजतो. इंग्रजांचे आभार मानण्याची संवय अशा रीतीनें नव्या सत्ताधाऱ्यांच्या उपयोगीं पडते.

घरांतील मुलांस १९४७ ची गोष्ट सांगतांना सुशिक्षित आईबापांनीं कायद्याची तारीख अवश्य सांगावी. पण ‘तलवार’वरच्या खलाशांनीं प्रथम काय केलें, तेंही सांगावें. त्यांनीं निकृष्ट अन्न खाण्याचें नाकारलें, आणि हुकूम पाळण्याचें नाकारलें. आपल्या हातांवांचून राज्य चालत नाहीं, हें ज्यास एकदां समजलें, त्यास पुढें कोणाच्या दारीं स्वातंत्र्य मागत जावें लागत नाहीं.