‘भूक नाही’ या वाक्याचा अर्थ

मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या गोष्टींत एक म्हातारी आहे. ती रानातून लेकीकडे निघते. वाटेत वाघ आडवा येतो, तेव्हा ती त्याला समजावते की आता माझ्या अंगावर आहे काय, लेकीकडे खाऊन-पिऊन परत येईन तेव्हा पाहा. ती खरोखरच धष्टपुष्ट होऊन परतते, भोपळ्यात बसून वाघाला चकवते आणि ऐकणारी मुले खूश होतात. भोपळ्याच्या गमतीत या गोष्टीतली एक साधी माहिती मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. आपल्या घरी ही म्हातारी वाळून गेली होती आणि कोणी समोर बसून वाढू लागताच तिच्या अंगाला अन्न लागले. तिचे वय तर वाटेत कमी झाले नव्हते!

लोककथेला जे सहज ठाऊक होते, ते आपण सुशिक्षित माणसे विसरलो आहोत, असे आम्हांला वाटते. ‘कुपोषण’ हा शब्द उच्चारताच आपल्यासमोर मेळघाटातले मूल उभे राहते, आणि ते योग्यच आहे. पण शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजोबांसाठी आपण हा शब्द वापरत नाही. त्यांना आपण ‘काटक’ म्हणतो, ‘सडपातळ’ म्हणतो. फार झाले तर ‘वय झाले’ म्हणतो. २०१७-१८मध्ये झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. म्हणजे चारांतला एक. एवढ्या मोठ्या वस्तुस्थितीला आपल्या रोजच्या भाषेत नाव नसावे, ही भाषेच्या अध्यापकांनी तरी मनाला लावून घेण्याजोगी गोष्ट आहे.

आम्ही स्वतः या दोषापासून मुक्त नाही. आम्हांला शिकवणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापिका पतिनिधनानंतर एकट्या राहत. दिवाळीच्या आसपास भेटायला गेलो की त्या उत्साहाने पुस्तकांविषयी बोलत. एका वर्षी त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना आम्ही पाहिल्या आणि म्हणालो, ‘‘बाई, प्रकृती छान राखलीत.’’ त्या हसल्या. त्यांनी आमच्यापुढे फराळाचे ताट ठेवले. स्वतः मात्र चहाच घेतला. ‘‘आता भूक अशी लागतच नाही,’’ असे म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतर त्या कधी आधाराशिवाय चालल्या नाहीत. पडण्याचे खापर आम्ही ओल्या फरशीवर फोडले. पायांत बळच उरले नव्हते, हे लक्षात यायला आम्हांला फार उशीर झाला.

वर्गात आम्ही अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवतो. शब्दाच्या वाच्यार्थावर थांबू नका, असे विद्यार्थ्यांना बजावतो. आणि ‘भूक नाही’ हे वाक्य आम्ही सरळ वाच्यार्थाने घेतले. त्या दोन शब्दांत किती अर्थ दडलेले असतात! कवळी हिरड्यांना टोचते, त्यामुळे भाकरी चावत नाही. गोळ्यांनी तोंडाची चव गेली आहे. एकट्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही. सून नोकरीवरून दमून येते, तिला आणखी काम नको. महिन्याचे पैसे औषधांत संपले. ज्यांच्यासाठी स्वयंपाक करायचा ते माणूस गेले. यांतला कोणताही अर्थ ‘वय झाले’ या दोन शब्दांत मावत नाही, आणि यांतल्या बहुतेकांवर काही ना काही उपाय आहे.

हे अर्थ आपल्याला ऐकू येत नाहीत, याचे एक कारण आपल्या संस्कारांत आहे. उतारवयात आहार कमी करत जाणे हे आपल्याकडे वैराग्याचे, निदान शहाणपणाचे लक्षण मानले जाते. एकादशी, संकष्टी, गुरुवार चालूच असतात. ‘रात्री कपभर दूध पुरते’ हे अभिमानाने सांगितले जाते. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची बाईची सवय म्हातारपणीही सुटत नाही. डॉक्टरांनी मीठ, साखर, तेल कमी करायला सांगितले की त्यासोबत जेवणच कमी होते. साहित्यानेही या बाबतीत फारशी मदत केली नाही. १९७० सालच्या ‘नटसम्राट’ने वृद्धांच्या घराचा आणि मानाचा प्रश्न मराठी मनावर कायमचा कोरला, ‘संध्याछाया’ने त्यांचा एकटेपणा दाखवला. पण म्हाताऱ्या माणसाच्या ताटात काय पडते आणि त्यातले पोटात किती जाते, हा प्रश्न आपल्या लेखनात क्वचितच आला.

शरीराचे म्हणणे मात्र या संस्कारांच्या उलट आहे. वय वाढले की स्नायू झिजतात आणि ते टिकवण्यासाठी प्रथिनांची गरज घटण्याऐवजी थोडी वाढते. पासष्टीपुढच्या व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी अर्थातच डॉक्टरांना विचारावे). पन्नास किलोच्या बाईंना ५० ते ६० ग्रॅम. चहा-बिस्किटे आणि मऊ भातावर हा हिशेब जमत नाही. दिसायला स्थूल असलेली व्यक्तीही या अर्थाने कुपोषित असू शकते, कारण चरबी राहते आणि स्नायू जातात. मग साधा ताप आला तरी माणूस उठून बसत नाही, जखम भरत नाही, तोल जातो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळणाऱ्या ६५ वर्षांपुढील व्यक्तींना दरमहा १० किलो धान्य देणारी अन्नपूर्णा योजना २००० साली आली. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेतली मदत २०२३ साली दरमहा १५०० रुपये झाली. पण रेशनवर मिळते ते मुख्यतः गहू-तांदूळ; डाळ, दूध, अंडे बाजारातून आणावे लागते. बोटांचे ठसे झिजलेला अंगठा दुकानातल्या यंत्रावर उमटत नाही, ही अडचण वेगळीच. शिवाय धान्य म्हणजे जेवण नव्हे. ते दळायला, शिजवायला आणि वाढायला माणूस लागते. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु कायदा मुलाला पैसे द्यायला लावू शकतो, जेवायला सोबत बसवू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला आहे. आम्हांला ते मान्य नाही. मुलांच्या जेवणाबद्दलही एकेकाळी असेच म्हटले जाई. तमिळनाडूने १९८२ साली व्यापक केलेल्या माध्यान्ह भोजनात पुढे निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांनाही सामावून घेतले. आपल्याकडे २०२० साली शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली, तेव्हा स्वस्त, शिजवलेले जेवण देणे अशक्य नाही हे दिसलेच. गावातल्या शाळेत रोज चूल पेटते; त्याच चुलीवर बचत गटाच्या मदतीने वीस-पंचवीस वृद्धांचा वरणभात-उसळ का शिजू नये? जे चालू शकतात त्यांनी पंगतीला यावे, जे शकत नाहीत त्यांना डबा जावा.

त्याहून सोपे एक काम आजच होण्यासारखे आहे. ज्येष्ठ नागरिक संघांत रक्तदाब मोजतात, साखर तपासतात. तिथेच वजनकाटा आणि एक वही ठेवावी. तीन ते सहा महिन्यांत प्रयत्नाविना वजन ५ टक्क्यांहून अधिक उतरले, म्हणजे पन्नास किलोंचे साडेसत्तेचाळीसच्या खाली गेले, तर ती धोक्याची खूण समजून डॉक्टरांकडे जावे. आणि आपण भेटायला जाऊ तेव्हा ‘बारीक झालात’ हे कौतुकाने म्हणू नये, काळजीने विचारावे.

आग्रह करून वाढणे ही आपली जुनी रीत. लग्नाच्या पंगतीत तिचा अतिरेक झाला म्हणून आपण तिची थट्टा करत आलो. पण भोपळ्यातल्या म्हातारीला लेकीकडे मिळाले ते बहुधा हेच होते. आमच्या बाईंकडे आम्ही दर दिवाळीला रिकाम्या हातांनी गेलो, त्यांच्या हातचे खाऊन आलो. त्यांच्यासाठी दुसरे ताट मांडायला आम्हांला कोणी अडवले नव्हते.