एक गठ्ठा, पाच कोटी वाचक

२०२३ची दिवाळी बेंबळीत केली आणि वर्ल्ड कपची फायनल बघूनच निघायचं ठरवलं. अंगणात तीन मोबाईल. एकावर विकेट पडून गेलेली, दुसऱ्यावर बॉलर अजून पळतोय! त्या दिवशी हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. मॅच एकच, पण प्रत्येकाला तिची वेगळी प्रत, प्रत्येकाचा वेगळा बफर.

गावात पेपर असा येत नाही. एक गठ्ठा येतो, स्टँडवर सुटतो, मग घरोघरी जातो. वाचक नसलेल्या गावी गठ्ठा जातच नाही. मल्टिकास्ट म्हणजे हेच. १९८९च्या आरएफसी १११२मध्ये स्टीव्ह डीअरिंग यांनी ते मांडून ठेवलंय.

स्वतःच्या नेटवर्कात हे सोपं आहे. खरी गंमत दोन कंपन्यांची नेटवर्कं जोडताना. हद्दीवरच्या राउटरांवर पिम चालू करा, दोघांच्या रॉन्देव्हू पॉइंटमध्ये (म्हणजे आपल्या स्टँडांमध्ये) एमएसडीपी लावा. 'आमच्याकडे अमुक सोर्स सुरू झालाय' हे एकमेकांना कळतं. तरी चित्र येत नाही! कारण सोर्सकडे जाणारा नेहमीचा रस्ता भलत्याच लिंकवरून असतो आणि चुकीच्या दारातून आलेलं पॅकेट राउटर टाकून देतो. मग बीजीपीत मल्टिकास्टचे रस्ते वेगळे द्यायचे. एसएसएममध्ये सोर्स कोण ते ऐकणाराच सांगतो, त्यामुळे एमएसडीपी लागतच नाही. २०२०च्या आरएफसी ८८१५नेही नेटवर्कांमध्ये हाच मार्ग धरा म्हटलंय.

मग हे होत का नाही? 'तंत्र अवघड आहे' हे मला पटत नाही. मुंबईत एनएसई आधी टिक-बाय-टिक भाव टीसीपीवर एकामागून एक ब्रोकरला पाठवायची. कुणाला आधी मिळाले यावरून पुढे सेबीची चौकशी वर्षानुवर्षं चालली. २०१४मध्ये तिथे मल्टिकास्ट आलं. तिथे क्षणाच्या उशिराला किंमत होती.

प्रत्येकाला वेगळी जाहिरात दाखवायची, हवं तिथे मॅच थांबवू द्यायची, तर प्रत वेगळी लागणार, मान्य. पण लाइव्ह चित्र तरी एकच आहे ना? अडतं ते हिशोबावर. एक पॅकेट आत घेऊन हजार बाहेर सोडायची, तर बिल कुणी कुणाला लावायचं? आणि दुसऱ्याच्या सोर्ससाठी माझ्या राउटरची मेमरी का अडवायची? या दोन प्रश्नांना कुठलीही कमांड नाही. ते टेबलावर बसूनच सुटतील, आणि बेंबळीच्या अंगणासाठी अजून कुणी बसलेलं नाही.

असो. हेड पेटला तेव्हा मात्र सगळे उशिराच्या मोबाईलभोवती जमले. त्याच्यावर आपण अजून हरलो नव्हतो :-)