मेजावरचा खेळ आणि पडद्यावरचे मेज

गेल्या स्नेहसंमेलनास मी माजी विद्यार्थी या नात्याने उपस्थित होतो. कार्यक्रम आटोपल्यावर नववीतील एका चुणचुणीत विद्यार्थ्याने मला गाठले व विचारले, "काका, तुम्ही अजूनही तो गोष्टीचा नि फाशांचा खेळ खेळता म्हणे! तो आता संगणकावर किती छान खेळता येतो! पण तुम्हाला ते आवडत नाही, हे खरे का?" गर्दीत मी काहीतरी उडवाउडवीचे उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र मनास चुटपुट लागली. चाळीस वर्षे ज्या छंदाने माझी संगत सोडली नाही, त्याविषयीच्या प्रश्नास इतके आखूड उत्तर देणे बरे नव्हे. संपादकांनी वार्षिकात जागा देऊ केली, ती याच कामी लावतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. मेजाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो व उरलेले एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार म्हणतो, "सांज झाली आहे. तुम्ही नदीकाठी पोहोचला आहात. पुलावर पहारा आहे. काय करता?" मग ज्याचे पात्र जसे असेल तसा तो बोलतो. एक जण पहारेकऱ्याशी गोड बोलून पाहतो, तर दुसरा होडी शोधावयास जातो. जे सहज घडण्याजोगे असते ते घडते, अशक्य ते घडत नाही, आणि जेथे शंका असेल तेथे फासे टाकावयाचे. येथे कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. गोष्ट तेवढी पुढे जाते. या प्रकारचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला व १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तो प्रसिद्ध झाला. शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळण्याची रीत त्यापूर्वीही होती. प्रशियाच्या लष्करात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अधिकाऱ्यांस शिकविण्यासाठी तिचा उपयोग होत असे. नवे ते इतकेच, की खेळाडूच्या हाती सैन्य न देता एकच माणूस दिला.

आमच्या घरी हा खेळ १९८५ साली आला. अमेरिकेहून आलेल्या मामांनी एक तांबडी पेटी आणली होती. पुस्तके इंग्रजी, आम्ही पाचही मित्र मराठी माध्यमाचे! शब्दकोश उघडून पानापानाशी झगडावे लागले. जेथे शब्दकोशाने हात टेकले तेथे आम्ही आपले शब्द पाडले. पात्राच्या अंगी किती घाव सोसण्याची ताकद उरली आहे हे दाखविणाऱ्या आकड्यास आम्ही 'दम' म्हणू लागलो व संकटातून निसटण्यासाठी टाकावयाच्या फाशास 'तरणोपाय' म्हणू लागलो. हे शब्द आजही आमच्या तोंडी आहेत.

फाशांची हकीकत तर अधिकच मौजेची आहे. पेटीतील फासे चार, सहा, आठ, दहा, बारा व वीस पृष्ठांचे होते. ज्याच्या सर्व बाजू व सर्व कोन सारखे असा घन केवळ पाच प्रकारचा असू शकतो, हे भूमितीत पुढे शिकलो तेव्हा मी मनात म्हटले, हे तर आपल्या पेटीतलेच! (दहा पृष्ठांचा फासा मात्र त्या पाचांत बसत नाही, तो सोयीसाठी बनविलेला.) वीस पृष्ठांचा फासा पहिल्याच पावसाळ्यात मोरीत वाहून गेला. त्या काळी सुलतान बाजार काय किंवा आबिड्स काय, असा फासा मिळण्याची आशाच नव्हती. तेव्हा आम्ही वीस चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे केले, त्यांवर शाईने आकडे घातले व ते पितळी डब्यात ठेवले. डबा हलवावा, न पाहता एक चिंचोका काढावा व पुन्हा आत टाकावा. आमच्यापैकी एक महाभाग लहान आकड्याचा चिंचोका निघाला, की तो हळूच मांडीखाली दडवीत असे. संभाव्यतेचा धडा मी पाठ्यपुस्तकाआधी त्याच्याकडून शिकलो! दोन साध्या फाशांची बेरीज सात येण्याचे सहा मार्ग आहेत व बारा येण्याचा एकच. परंतु वीस चिंचोक्यांत प्रत्येकाचा हक्क सारखा, आणि एक चिंचोका मांडीखाली गेला की तो हक्क बिघडतो.

आजीस फाशांचे नाव नको होते. "फाशांनी पांडवांचे काय झाले ते ठाऊक आहे ना?" हा तिचा ठरलेला प्रश्न. येथे पणास काहीच लागत नाही, हे तिला पटविण्यास एक अख्खी सुटी खर्ची पडली.

पुस्तकातील परदेशी भुयारांचा आम्हास लौकरच कंटाळा आला. मी सूत्रधार होतो. मी खेळ आपल्या गावात आणला. १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरास आले व अबुल हसन कुतुबशहास भेटले, हे इतिहासात आपण सर्वजण वाचतो. त्या लष्कराबरोबर आलेली चार सामान्य माणसे आमची पात्रे झाली : एक सईस, एक कारकून, एक वैद्य व एक हेर. महाराजांची भूमिका कोणी घ्यावयाची नाही, असा मी नियमच घातला होता. तो आजही मला योग्य वाटतो. थोरांच्या तोंडी आपली वाक्ये घालण्यापेक्षा लहान माणसाच्या डोळ्यांनी मोठा प्रसंग पाहणे अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक मौजेचे. मादण्णांच्या वाड्यावर एक पत्र पोहोचवावयाचे, एवढेच त्या चौघांचे काम. त्यावर आमची दोन वर्षे गेली. पुराना पूल १५७८ सालचा, चारमिनार १५९१ चा. म्हणजे दोन्ही तेव्हा उभे होते. शाळेच्या सहलीत गोवळकोंड्यास फत्ते दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजविली की ती वर बाला हिसारपर्यंत ऐकू जाते, हे आम्ही अनुभवले होते. आमच्या सईसाने पुढच्याच रविवारी त्या टाळीचा खेळात असा काही उपयोग केला, की गडावरील सारा पहारा चुकीच्या दिशेस धावला. मेजावर कागदाचा एक कपटाही नव्हता. परंतु तो दरवाजा आम्हां पाचही जणांना स्वच्छ दिसत होता.

पुढे सर्वांचे जे होते ते आमचे झाले. एक पुण्यास गेला, एक लंडनला, एक अमेरिकेत न्यू जर्सीस. आम्ही दोघे येथेच राहिलो. पाच माणसांचा खेळ दोघांनी कसा खेळावा? डबा कपाटात गेला. मधल्या वर्षांत मी नव्या मंडळींबरोबर खेळलो, नाही असे नाही. परंतु ते पत्र मादण्णांकडे पोहोचले नाही ते नाहीच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली व सारे जग घरात बसले. तेव्हा न्यू जर्सीच्या मित्राने कळविले, की असा खेळ दूरदूरच्या माणसांनी मिळून खेळण्याची सोय संगणकावर आहे. तिला 'व्हर्च्युअल टेबलटॉप' म्हणतात. आपण तिला पडद्यावरचे मेज म्हणू. 'फँटसी ग्राउंड्स' हे असे मेज २००४ पासून आहे, 'फाउंड्री' २०२० चे. 'रोलट्वेंटी' हे २०१२ साली तिघा मित्रांनी काढले. कॉलेजात एका खोलीत राहणारे हे तिघे पुढे पांगले, तेव्हा आपला खेळ मोडू नये म्हणून त्यांनी ही खटपट केली. हे वाचले तेव्हा त्या तिघांशी माझे जणू जुने नाते निघाले. त्या उन्हाळ्यात रविवारी रात्री साडेआठ वाजता आम्ही येथे बसत असू. लंडनला तेव्हा दुपारचे चार वाजलेले असत व न्यू जर्सीस सकाळचे अकरा. तीस वर्षांनी तो सईस, तो कारकून, तो वैद्य नि तो हेर पुन्हा एकत्र आले. ज्या यंत्राने मला हे दिले त्याची निंदा माझ्या तोंडून होणार नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो.

परंतु ते यंत्र तेवढेच देऊन थांबत नाही. त्यावर चौकटींचा नकाशा मांडता येतो, पात्रांची चित्रे सरकविता येतात, पात्राच्या नजरेस न येणारा भाग काळोखाने झाकता येतो, आणि फासे टाकून त्यांची बेरीजही तेच करते. मी हरखून गेलो. आठवडाभर रात्री जागून मी भागानगरची एक पेठ रंगविली : दुकाने, कमानी, पाण्याचे हौद, काही म्हणून सोडले नाही. रविवारी आमचा हेर त्या पेठेत शिरला व डावीकडे वळू लागला. तिकडचा भाग मी रंगविलेला नव्हता. मी म्हणालो, "ती गल्ली पुढे बंद आहे." चिंचोक्यांच्या काळात त्याच गल्लीत मी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एक अत्तराचे दुकान, एक भांडकुदळ म्हातारा नि एक पळवाट उभी केली असती. ती गल्ली नगरात बंद नव्हती, माझ्या चित्रात बंद होती. खेळाडूंनी कोठे जावे हे त्यांनीच ठरवावयाचे, हा या खेळाचा प्राण; आणि तो मी माझ्या रात्री वाया जाऊ नयेत म्हणून घोटला.

दुसरी गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. आमचा वैद्य, जो पुण्यास असतो, त्याची दृष्टी मधुमेहाने अधू होत होत जवळजवळ गेली आहे. हे आम्हास ठाऊक होते. परंतु चित्रांच्या नादात आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानी राहिले नाही. त्या पेठेत तो मुळी बोलेनाच. अखेर म्हणाला, "अरे, तुम्ही सगळे वाहवा करताय, पण मला कोणी सांगाल का रे, काय दिसतंय ते?" मी ओशाळलो. मग एकाने कमानी सांगितल्या, दुसऱ्याने हौद सांगितला, आणि सांगता सांगता तिसरा चित्रात नसलेली गोष्ट सांगून गेला : हौदापाशी एक लहान मुलगी रडते आहे. वैद्य तत्काळ तिच्याकडे गेला. त्या रात्रीचा खेळ खरा तेथून सुरू झाला. पुढील रविवारपासून मी नकाशा काढून टाकला. पडद्यावर आता केवळ पाच चेहरे असतात. फासे प्रत्येकजण आपल्या घरी टाकतो व आकडा सांगतो. खोटे सांगितले तरी कोणास कळणार नाही. मांडीखालच्या चिंचोक्याचा तो वीर आता पन्नाशी उलटून गेला आहे, म्हणून आम्ही विश्वास ठेवतो!

नकाशा गेल्यावर आणखी एक गोष्ट घडली, जिची मला कल्पनाही नव्हती. लंडनच्या मित्राची कन्या वडिलांच्या मागे येऊन बसू लागली. तिचा जन्म तिकडचा. मराठी तिला समजते, परंतु बोलावयाची वेळ आली की ती इंग्रजीचा आश्रय घेते. चित्रे होती तेव्हा ती पाहून निघून जात असे. चित्रे गेली तेव्हा ती विचारू लागली, "काका, ओसरी म्हणजे काय? देवडी कुठे असते?" मी सांगे, आणि पुढच्या खेपेस ती तो शब्द वापरी, कारण त्यावाचून तिच्या पात्रास वाड्यात शिरताच येत नसे. होय, तिलाही एक पात्र मिळाले. ती नावाड्याची मुलगी आहे. आमच्या लहानपणी सुलतान बाजारात व काचीगुड्यात मराठी रस्त्यावर ऐकू येई. आज माझ्या गल्लीत मराठी बोलणारी मुले मी बोटांवर मोजू शकतो. भाषा टिकवा म्हणून भाषणे पुष्कळ होतात. परंतु मुलास ओसरी हा शब्द लागावा अशी जागा त्याच्या दिवसात कोठे उरली आहे? चित्र दाखविले की शब्दाची गरजच सरते.

अशी तोंडी रचना आपणास परकी आहे असेही नाही. दक्षिण कोकणातील दशावतारी नटांच्या हाती लिहिलेले नाटक नसते. कथा ठाऊक असते, संवाद ते रंगमंचावर उभे राहून रचतात. उर्दूतील दास्ताने सांगणारेही मांड ठोकून बसत व केवळ वाणीने जादूनगरी उभी करीत. त्या दास्तानांतील अमर अय्यार याच्या झोळीत सारे जग मावते. अमेरिकन खेळातही अशी एक पिशवी आहे, हे पाहून मला लहानपणी फार गंमत वाटली होती.

प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. माझा पुतण्या म्हणतो, की लढाईच्या वेळी कोण कोठे उभा आहे यावरून होणारी भांडणे नकाशाने मिटतात. हे खरे आहे, "मी तर दारापाशीच होतो!" या एका वाक्यावर आमच्या कित्येक दुपारी नासल्या आहेत. तेवढ्यापुरत्या पाटीवर चार रेघा ओढाव्यात. बेरीज यंत्राने केली तर वेळ वाचतो, हेही तो म्हणतो. वाचतो, परंतु तो वाचवून करावयाचे काय, हे मला अद्याप कळलेले नाही.

तेव्हा, त्या विद्यार्थ्यास माझे उत्तर असे : मित्र दूर असेल तर पडदा अवश्य वापर, आणि शक्य तितका रिकामा ठेव. मित्र शेजारच्या बाकावर असेल तर पडद्याची गरजच काय? मुख्याध्यापकांस माझी विनंती आहे, की शनिवारी शाळा सुटल्यावर एक वर्ग तासदोन तास मोकळा द्यावा. एक मेज, पाच खुर्च्या व एक पाटी एवढेच लागेल. फासे विकत घेण्याचे कारण नाही. डबा मी घेऊन येईन, त्यात वीसही चिंचोके शाबूत आहेत. पहिले काही शनिवार सूत्रधार मी होईन, पुढे मुलांतूनच कोणी व्हावे. गोष्ट १९०८ च्या मुसी नदीच्या पुरापासून सुरू करावी, असा माझा विचार आहे : रात्र झाली आहे, पाऊस थांबत नाही, आणि पाणी पायरीला लागले आहे.