विहिरीतला पाव आणि दोन पुस्तके

यंदाच्या पावसात दोन पुस्तके पाठोपाठ वाचून झाली. एक महाबळेश्वर सैलांची ‘तांडव’ ही कादंबरी, दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. हे दुसरे खरे तर तिसऱ्यांदा. दोन्हींत धर्मांतर आहे, एवढेच काय ते साम्य, असे आधी वाटले होते. वाचून झाल्यावर मात्र वाटले, ही दोन पुस्तके एकामागोमाग एकच वाचायला हवीत.

आधी ‘तांडव’. आपण ‘स्वामी’, ‘छावा’ वाचत वाढलो. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे दरबार, शेले आणि टाळ्या घेणारी वाक्ये, ही सवय अंगात भिनलेली. इथे तसला नायकच नाही. सोळाव्या शतकातला गोव्यातला गाव आहे, शेतेभाटे आहेत, आणि देव घेऊन नदीपलीकडे जायचे की जमीन धरून राहायचे हा पेच आहे. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, हे आपल्याला तोंडपाठ असते. देवांचा प्रवास आपण जपून ठेवला. मागे राहिलेल्या माणसांचे काय झाले, ते मात्र घरात कुणी सांगितले नाही. सैल ते सांगतात, ही या कादंबरीची मोठी कमाई.

दोषही सांगतो. कादंबरी लांबली आहे. अत्याचारांमागून अत्याचार येत राहतात आणि एका टप्प्यानंतर मन बधिर होते. गावातली माणसे जितकी जिवंत, तितके पाद्री मला वाटले नाहीत. भाषेला कोकणीचा वास आहे. घाटावरचा वाचक तिथे अडखळेल, मला ती आपली वाटली.

पण माझी खरी तक्रार पुस्तकाबद्दल नाहीच, ते वाचणाऱ्या आपल्यांबद्दल आहे. आमच्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी ‘तांडव’ वाचली, ते सगळे एकच बोलले, “बघा, त्यांनी आपले काय केले!” केले, यात शंका नाही. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. १५६० साली आलेले इन्क्विझिशन मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत टिकले. पण कादंबरी आरोपपत्र म्हणून वाचली की अर्धीच वाचली जाते.

लहानपणी आजी सांगायची, पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि अख्खा वाडा बाटला. ऐकून अंगावर काटा यायचा. चाळिशी उलटल्यावर एक साधा प्रश्न सुचला. पाव टाकणारा परका, मान्य. पण ते पाणी प्यायलेला माणूस आता आपला नाही, हा निवाडा कुणी दिला? तो आपण दिला. गोष्ट खरी असो वा रचलेली, पिढ्यानपिढ्या ती सांगताना या निवाड्यावर कुणाला अडखळावेसे वाटले नाही. माझी तीच आजी शेजारच्या क्रिस्तांव बाईला चहा द्यायची, पण त्या बाईची कपबशी वेगळी, पडवीच्या कोनाड्यात पालथी घातलेली असायची. दोघींचा जीव एकमेकींवर होता, पण कपबशी शेवटपर्यंत कोनाड्यातच राहिली.

इथे लक्ष्मीबाई मदतीला येतात. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे असे वेड की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण त्या वेडाने घरातल्या बायकांचे काय हाल झाले असतील ते वाचणाऱ्याला कळते. १८९५ साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी काही वर्षे ताटातूट सोसली. पुन्हा नवऱ्याकडे गेल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. मग जातिभेद हा माणसांनी केलेला आहे, हे त्यांचे त्यांनाच पटले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. धर्म बदलण्याआधी त्यांच्या मनातले सोवळे सुटले होते, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. एकच खटकते. नवऱ्यावर त्या पुरेशा रागावत नाहीत. इतकी सोसलेली बाई इतक्या मिश्किलपणे लिहिते, की टिळक फार स्वस्तात सुटतात.

‘तांडव’मध्ये सत्तेच्या जोरावर बाटवलेला गाव आहे, ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःच्या बुद्धीने चालत गेलेली एक बाई. दोन्हींची बरोबरी होणार नाही, आणि मी ती करतही नाही. पण बाहेरचा माणूस दार बाहेरून ओढतो, तेव्हा आतून कडी कोण घालतो, हे मला लक्ष्मीबाईंमुळे दिसले. त्यानंतर ‘तांडव’ची काही पाने पुन्हा काढून वाचली. ती पहिल्यापेक्षा जास्त लागली.

आज आमच्या दारात सकाळी पदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो, आणि आम्ही सगळे पातळभाजीबरोबर पाव खातो. आजीची ती गोष्ट मात्र अजून तशीच सांगितली जाते. मुलांना सांगायचीच असेल तर अवश्य सांगा. फक्त निवाडा कुणी दिला, तेही सांगा.